दोन्ही संघ बंद केले, म्हणजे बरोबरी झाली का?

प्रश्न: मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात एफ-१ व्हिसावर दुसऱ्या वर्षाला आहे. महिला टेनिस संघातून खेळते, जवळजवळ अर्धी फी खेळाच्या शिष्यवृत्तीतून भागते. परीक्षा संपून सगळे घरी गेल्यावर ॲथलेटिक्स विभागाने झूमवर बोलावलं आणि सांगितलं, की पैशांच्या ओढाताणीमुळे पुरुष टेनिस आणि महिला टेनिस हे दोन्ही संघ बंद होणार. डायरेक्टर म्हणाले, “मुलं नऊ, मुली नऊ, भेदभावाचा प्रश्नच येत नाही.” नंतर आमच्या प्रशिक्षकांचा फोन आला, ‘फार आवाज करू नका, पुढे शिफारसपत्रं लागतील.’ आमच्याकडे पदवीच्या विद्यार्थ्यांत ५५ टक्के मुली आहेत आणि ४०० खेळाडूंपैकी मुली १८०. महिलांचा शेवटचा नवा संघ २००४ साली सुरू झाला. मी परदेशी. मला दाद मागता येईल का? व्हिसावर गदा येईल का?

उत्तर: शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण झोप त्यानेच उडालेली दिसते. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या ज्या कायद्याला सगळे ‘टायटल नाइन’ म्हणतात, त्याचं मूळ कलम इंग्रजीत अवघं ३७ शब्दांचं आहे आणि त्याची सुरुवातच ‘अमेरिकेतील कोणतीही व्यक्ती’ अशी आहे. तिथे ‘नागरिक’ हा शब्द नाही. तक्रार केली किंवा दावा लावला म्हणून एफ-१ दर्जा जात नाही, तो तुमच्या पूर्णवेळ नोंदणीवर टिकून असतो. खरा धोका वेगळ्या वाटेने येतो. शिष्यवृत्ती थांबली, फी भरता आली नाही आणि नोंदणी सुटली, तर मात्र पंचाईत. त्यामुळे ‘पदवी मिळेपर्यंत माझी शिष्यवृत्ती चालू राहणार का?’ हा प्रश्न आजच ईमेलने विचारा आणि उत्तर लेखी घ्या. झूमवरच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

आता डायरेक्टरसाहेबांचं गणित. नऊ आणि नऊ. ऐकायला किती गोड! कायदा मात्र काय कापलं हे मोजत नाही, कापल्यावर काय उरलं ते मोजतो. खेळात संधी समान आहे की नाही हे तपासायला १९७९ पासून तीन कसोट्या आहेत आणि विद्यापीठ त्यातल्या कुठल्याही एकीला उतरलं तरी पुरतं.

पहिली कसोटी प्रमाणाची. विद्यार्थ्यांत मुलींचा जो वाटा, साधारण तोच खेळाडूंत असायला हवा. तुमचेच आकडे मांडून बघू. दोन्ही संघ गेल्यावर खेळाडू उरतात ३८२, त्यात मुली १७१, म्हणजे ४५ टक्क्यांनाही किंचित कमी. विद्यार्थ्यांत मुली ५५ टक्के. दहा टक्क्यांची दरी आधीही होती, संघ बंद केल्यावर ती केसभर रुंदावली. मुलग्यांच्या २११ जागा तशाच ठेवून प्रमाण साधायचं तर मुलींसाठी आणखी सुमारे ८७ जागा लागतील. कमी पडणाऱ्या जागांत एक आख्खा संघ उभा राहू शकत असेल, तर प्रमाण साधलं असं म्हणता येत नाही. इथे तर चार-पाच संघ उभे राहतील.

दुसरी कसोटी इतिहासाची: विद्यापीठ मुलींसाठी सातत्याने संधी वाढवत आलं आहे का? २००४ नंतर एकही नवा संघ नाही आणि आता असलेला बंद. यावर जास्त शाई खर्च करत नाही.

तिसरी कसोटी मागणीची. खेळायची इच्छा असलेल्या, तेवढी कुवत असलेल्या मुली आहेत का आणि आसपास स्पर्धा मिळतात का? नव्या खेळाची मागणी असेल तर हे सिद्ध करताना दमछाक होते. तुमच्या बाबतीत परवापर्यंत चालू असलेला संघच पुरावा आहे. प्रशिक्षक होते, सामने होते, खेळाडू होत्या.

‘दोन्हीकडे सारखीच कात्री’ हा बचाव जुना आहे आणि न्यायालयांनी तो उचलून धरलेला नाही. १९९२ मध्ये कोलोराडो स्टेट विद्यापीठाने मुलींचं सॉफ्टबॉल आणि मुलांचं बेसबॉल एकदमच बंद केलं. तिथली दरी साडेदहा टक्क्यांची होती. सॉफ्टबॉलच्या मुली कोर्टात गेल्या आणि १९९३ मध्ये अपील न्यायालयानेही संघ परत सुरू करण्याचा हुकूम कायम ठेवला. पैशांची अडचण खरी असते, नाही असं मी म्हणत नाही. पण ती भेदभावाचं समर्थन ठरत नाही. तंगी आली तरी कात्री कायद्याच्या चौकटीतच चालवावी लागते.

तुमचा संघ वाचेलच अशी हमी मात्र मी देणार नाही. कायदा समान संधी देतो, ठरावीक खेळ देत नाही. विद्यापीठ उद्या मुलींचे दुसरे संघ काढून किंवा मुलांच्या जागा कमी करूनही प्रमाण साधू शकतं. आणि शेजारच्या कोर्टवर सराव करणाऱ्या त्या नऊ मुलांना यातून बहुधा काहीच मिळणार नाही. आयोवा विद्यापीठाने ऑगस्ट २०२० मध्ये चार संघ बंद केले, त्यातले तीन पुरुषांचे. महिला जलतरणपटूंनी सप्टेंबरमध्ये दावा लावला, डिसेंबरमध्ये तात्पुरता मनाई हुकूम मिळाला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये फक्त महिलांचं जलतरण परत आलं. मुलांशी मैत्री असेल तर हे त्यांना आधीच सांगा, नंतर कटुता येते.

तारखा मुद्दाम दिल्या. संघ एकदा विखुरला की हुकूम मिळूनही हाती फार लागत नाही. केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रार फुकट करता येते, वकीलही लागत नाही, मुदत १८० दिवसांची. पण मार्च २०२५ मध्ये त्या खात्यात मोठी कर्मचारीकपात झाली आणि या कार्यालयाच्या १२ प्रादेशिक कचेऱ्यांपैकी सात बंद करण्यात आल्या. तिथून महिन्या-दोन महिन्यांत उत्तराची अपेक्षा धरू नका. तुमच्यासारख्या प्रकरणात आधी वकिलामार्फत विद्यापीठाला नोटीस आणि दाद लागली नाही तर फेडरल कोर्टात तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज, हा रस्ता मला बरा वाटतो. थेट दावा लावण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच मान्य केला आहे. जिंकल्यास वकिलाची फी विद्यापीठाकडून वसूल होऊ शकते, म्हणून आगाऊ पैसे न घेता असे दावे घेणारे वकीलही भेटतात. मनस्तापाची भरपाई मात्र डोक्यातून काढून टाका. अपंगत्वावरून झालेल्या भेदभावाच्या एका खटल्यात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी भरपाई नाकारली, त्यानंतर न्यायालयं टायटल नाइनखालीही ती नाकारू लागली आहेत.

एकट्याने जाऊ नका. तुम्ही उद्या दुसऱ्या विद्यापीठात गेलात किंवा पदवी घेऊन बाहेर पडलात, तर ‘आता हिला संघाशी काय देणंघेणं?’ असा आक्षेप येणारच. यासाठी सामूहिक दावा असतो आणि त्यात पहिल्या वर्षाची किमान एक मुलगी हवीच. ब्राउन विद्यापीठाविरुद्धचा प्रसिद्ध दावा १९९२ साली दाखल झाला आणि तडजोड १९९८ मध्ये. मूळ मुली तोवर कधीच पदवीधर झाल्या होत्या. आणि दुसरीकडे बदली घ्यायचीच असेल, तर तुमच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी आधी बोला. सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतली तुमची नोंद नव्या विद्यापीठाकडे वळवल्याशिवाय पाऊल उचलू नका.

प्रशिक्षकांचा फोन मला खटकला, पण त्यांच्यावर लगेच चिडू नका. त्यांचीही नोकरी जाते आहे. तक्रार केली म्हणून सूड उगवणं हाही टायटल नाइनखाली भेदभावच आहे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अलाबामातल्या मुलींच्या बास्केटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूने हेच म्हटलं. संघाला मिळणाऱ्या दुय्यम वागणुकीबद्दल बोलल्यावर त्याचं प्रशिक्षकपद गेलं होतं. म्हणजे कायद्याचं छत्र तुमच्यावर आहे तसं तुमच्या प्रशिक्षकांवरही. तो फोन कधी आला, नेमके शब्द काय होते, हे आठवतंय तोवर तारीख घालून लिहून ठेवा. गुपचूप रेकॉर्डिंग मात्र करू नका, काही राज्यांत तो गुन्हा आहे.

आकड्यांबद्दल एक सावधगिरी. दर वर्षी विद्यापीठाला खेळाडूंची आणि खर्चाची आकडेवारी केंद्र सरकारला द्यावी लागते आणि ती कुणालाही बघता येते. ती उतरवून घ्या, पण तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. क्विनिपिॲक विद्यापीठाने व्हॉलीबॉल बंद केल्यावर झालेल्या दाव्यात उघड झालं, की एकच धावपटू मुलगी क्रॉस कंट्री, इनडोअर आणि आउटडोअर अशी तीनदा मोजली जात होती. स्पर्धात्मक चीअरलीडिंगच्या ३० मुलीही मोजल्या होत्या, तो आकडा कोर्टाने धरलाच नाही. उलट मुलांच्या काही संघांत मोजणीच्या दिवसापुरती नावं कमी करून नंतर परत घेतली होती. म्हणून तुमच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रत्येक संघाची जी नावांची यादी आहे, तिचे आज रात्रीच स्क्रीनशॉट घ्या, टेनिसचं पान सर्वात आधी. नोटीस पोचली की तेच पान पहिल्यांदा काढलं जाईल.