रिसायकल केलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत फळांचा रस भरणे सुरक्षित आहे का?

आपण फळांचा रस बाटल्यांत भरून विकता, पुरवठादार आपल्याला पूर्णपणे रिसायकल केलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या देऊ करतो आहे आणि त्या घ्याव्यात का, असा आपला प्रश्न आहे. माझे उत्तर होकारार्थी आहे, पण ते पेट (PET, म्हणजे पाण्याच्या व शीतपेयांच्या पारदर्शक बाटल्यांचे नेहमीचे प्लास्टिक) बाटलीपुरते, आणि तेही पुरवठादाराने कच्च्या मालाची व प्रक्रियेची कागदपत्रे दाखवली तरच. प्लास्टिक रिसायकल केलेले आहे एवढ्यावरून ते अन्नासाठी योग्य आहे की अयोग्य, यांपैकी काहीच ठरत नाही.

कोणतेही प्लास्टिक ज्या पदार्थाच्या सान्निध्यात राहते त्याचे थोडेफार अंश शोषून घेते, आणि गरम पाण्याने व कॉस्टिक सोड्याने धुतल्यावर पृष्ठभाग स्वच्छ झाला तरी भिंतीच्या आत शिरलेले रेणू तेथेच राहतात. संत्र्या-लिंबाच्या स्वादाच्या पेयांतील लिमोनीन हे द्रव्य रिसायकल केलेल्या पेटमध्ये सापडते ते यामुळेच. ते निरुपद्रवी असले, तरी रिकाम्या बाटलीत लोक रॉकेल, थिनर किंवा कीटकनाशकही भरून ठेवतात आणि कालांतराने तीच बाटली भंगारात येते. नियंत्रक संस्था हे गृहीत धरूनच परीक्षा घेतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सुचवलेल्या चाचणीत प्लास्टिक मुद्दाम टोल्युईन, क्लोरोफॉर्म, बेंझोफिनोन अशा रसायनांनी दूषित केले जाते, नंतर ते संपूर्ण प्रक्रियेतून नेले जाते आणि शेवटी काय उरले ते मोजले जाते. उरलेल्या अंशातून माणसाच्या आहारात दिवसाला 1.5 मायक्रोग्रॅमहून अधिक दूषित द्रव्य जाऊ नये, ही तेथील कसोटी आहे. भंगार शुद्ध असेल या भरवशावर न राहता प्रक्रियेचा कस पाहणारी ही पद्धत मला सर्वांत समंजस वाटते.

या परीक्षेत पेट उत्तम उतरते याची कारणे त्याच्या घडणीत आहेत. साधारण 70 ते 80 अंश सेल्सिअसच्या खाली त्याच्या रेणूंच्या साखळ्या जवळजवळ जखडलेल्या असतात, त्यामुळे परके पदार्थ आत शिरतातही हळू आणि बाहेर पडतातही हळू. शिवाय ते सुमारे 250 अंशांना वितळते. म्हणून 200 अंशांच्या आसपास त्याचे दाणे घन अवस्थेतच, निर्वातात किंवा नायट्रोजनच्या प्रवाहात, कित्येक तास तापवता येतात. या काळात आत अडकलेली बाष्पनशील द्रव्ये निघून जातात आणि आधी वितळवताना ओलाव्यामुळे व उष्णतेमुळे तुटलेल्या साखळ्या पुन्हा जोडल्या जाऊन प्लास्टिकची गेलेली ताकदही परत येते. शुद्धीकरण आणि डागडुजी एकाच भट्टीत व्हावी, ही सोय इतर बहुतेक प्लास्टिकांच्या वाट्याला आलेली नाही.

आपल्या बाटलीचे झाकण मात्र बहुधा एचडीपीई (जास्त घनतेचे पॉलिथिन) किंवा पॉलिप्रॉपिलीन या वेगळ्या प्लास्टिकांचे असेल. ही प्लास्टिके परके पदार्थ कितीतरी सहज शोषतात आणि अनुक्रमे सुमारे 130 व 160 अंशांना वितळत असल्याने त्यांना पेटइतके तापवताही येत नाही. ब्रिटनमध्ये दुधाच्या एचडीपीई बाटल्यांपासून पुन्हा दुधाच्याच बाटल्या बनवल्या गेल्या आहेत, पण तेथे सारी भिस्त केवळ दुधाच्या बाटल्या निवडून काढण्याच्या काटेकोरपणावर असते. झाकण नव्या प्लास्टिकचेच मागा, असे मी सुचवेन. खाद्यपदार्थांच्या काळ्या प्लास्टिक ट्रेबाबत तर अधिकच सावध राहावे, कारण जुन्या विद्युत उपकरणांच्या प्लास्टिकमधील ब्रोमीनयुक्त ज्वालारोधके (आग पसरू नये म्हणून घातलेली रसायने) अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या काळ्या वस्तूंत आढळलेली आहेत.

निवड किती महत्त्वाची आहे हे पेटमध्येही दिसते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरण पेटच्या प्रक्रियांचे मूल्यमापन करताना, अन्नाव्यतिरिक्त अन्य वापरातून आलेला माल 5 टक्क्यांहून अधिक नसावा, अशी मर्यादा धरते. पीव्हीसीचे थोडे तुकडे जरी मिसळले, तरी पेट वितळवण्याच्या तापमानाला त्यांतून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, पेटच्या साखळ्या तुटतात आणि माल पिवळसर पडतो. अर्थात फिकट पिवळी किंवा करडी छटा वारंवार तापवल्यानेही येते, त्यामुळे केवळ रंगावरून बाटली नाकारू नये आणि काचेसारखी पारदर्शक दिसते म्हणून स्वीकारूही नये.

पुरवठादाराकडे तीन गोष्टी लेखी मागाव्यात: माल कोणत्या वापरातून गोळा झाला, कोणत्या प्रक्रियेला कोणत्या नियामकाची अन्नसंपर्कासाठी मान्यता आहे, आणि ती कोणत्या वापरासाठी आहे. तिसरी गोष्ट सहसा विसरली जाते. सामान्य तापमानाला भरलेल्या पेयासाठी मिळालेली मान्यता 85-90 अंशांच्या गरम रसाला लागू होतेच असे नाही, कारण तापमान वाढले की प्लास्टिकमधून पदार्थ बाहेर पडण्याचा वेगही वाढतो. आपण रस गरम भरत असाल, तर साधी पेट बाटली, मग ती नवी का असेना, आकार सोडते. त्यासाठी उष्णतास्थिर केलेली बाटली आणि तशी स्पष्ट मान्यता दोन्ही हवीत. पूर्णपणे रिसायकल केलेला मालच घेतला पाहिजे असेही नाही. युरोपीय संघाने पेटच्या पेयबाटल्यांसाठी 2025 पासून रिसायकल केलेल्या प्लास्टिकचे सरासरी किमान 25 टक्के प्रमाण अनिवार्य केले आहे, तेव्हा नव्या पेटबरोबर मिश्रण केलेल्या बाटल्यांचा पर्यायही पुरवठादाराला अवश्य विचारावा.