स्वतःच शिकताय? आधी रंग कमी करा
जलरंगांच्या बारा नळ्या एकदम उघडू नका. सुरुवातीची चित्रं अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) या दोनच रंगांत करा. मिसळले की सुरेख राखाडी, घट्ट घेतले की जवळजवळ काळा मिळतो. उजेड-सावली नजरेत बसते. शिक्षक नसताना हीच नजर सर्वांत आधी हवी. कागद जाड, ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या. पातळ कागद पाण्याने फुगतो, रंग खळग्यांत साचतो. थर अर्धवट वाळलेला असताना जास्त ओला ब्रश टेकवला की फुलकोबीसारखे डाग उठतात. ओल्या थरावर चकाकी असेपर्यंतच काम करा, नाहीतर पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर रंग फिका पडतो, म्हणून थोडा गडदच लावा. बिघडलेलं चित्र फाडू नका, मागच्या बाजूला मिश्रणं तपासा.