गावचा रस्ता पार उखडलाय, ग्रामपंचायत दाद देत नाही, काय करावं?

आधी रस्ता नक्की कुणाच्या ताब्यात आहे ते शोधा, कारण बरेच अर्ज चुकीच्या ऑफिसात पडून राहतात. गावातला अंतर्गत रस्ता असेल तर ग्रामपंचायत, ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तर जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग, आणि प्रमुख जिल्हा मार्ग किंवा राज्य मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग, मग तिथे सरपंचाला कितीही बोललं तरी उपयोग नाही.

रस्त्याच्या सुरुवातीला कामाचा बोर्ड असतो त्याचा फोटो काढा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला असेल तर काम झाल्यापासून ५ वर्षं देखभाल ठेकेदाराकडेच असते, म्हणजे नवा निधी नाही हे कारण चालत नाही, आणि मेरी सडक ॲपवर फोटोसकट तक्रार टाकता येते.

बाकी रस्त्यांसाठी ग्रामसभेत ठराव करून घ्या, प्रत जोडून रस्ता ज्या विभागाकडे आहे त्याच्या उपअभियंत्याकडे लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका प्लीज, तोंडी सांगितलेलं कुणी मोजत नाही. तरीही हालचाल नसेल तर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका, त्यात अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश (काम सुरू करायचा आदेश) आणि मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही) यांच्या प्रती मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मोजमाप पुस्तकात खडी-डांबराचा थर किती लिहिलाय आणि जागेवर किती आहे हे एकदा गावासमोर आलं ना, की इतके दिवस न उचललेले फोन उचलले जातात. गरोदर बाईला, शाळेच्या पोरांना याच रस्त्याने जावं लागतं, तेव्हा मागे लागायला अजिबात लाजू नका.