एकट्याने शूट करताना आवाज कसा सांभाळायचा

गोव्याचा शिगमो (वसंतातला लोकोत्सव) एकट्याने शूट करणार आहेस, छान! चित्राची काळजी तू घेशीलच, म्हणून आवाजाचंच सांगतो.

सगळ्यात आधी कान झाकणारा, वायरचा हेडफोन घे. मीटर (आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी) हलतो म्हणजे आवाज नीट येतोय, असं नाही. कापड घासल्याचा आवाज मीटरवर वेगळा कळत नाही. एका कीर्तनकारांची तासाभराची मुलाखत माझी अशीच वाया गेली. माइक उपरण्याला घासत होता आणि मी ऐकतच नव्हतो.

- कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लाव. कॅमेऱ्यावरच्या माइकवर विसंबू नकोस.
- ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद. बोलणं मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेव. रोमटामेळात (शिगमोच्या वाजतगाजत निघणाऱ्या मिरवणुकीत) ढोल-ताशे एकदम उसळतात, तिथे लेव्हल आणखी खाली आण. फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही.
- पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरच्या वाऱ्यात नुसता फोम पुरत नाही, केसाळ कव्हर लागतंच.

घरात मुलाखत असेल तर पंखा आणि फ्रिज बंद कर. गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेव, म्हणजे निघताना तो चालू करायला विसरणार नाहीस.

३२-बिट फ्लोट (खूप मोठा आवाजही न फाटता साठवणारी रेकॉर्डिंगची पद्धत), टाइमकोड (चित्र आणि आवाज जुळवायची वेळेची खूण) यांच्या मागे आत्ता लागू नकोस. आधी आजीशी दहा मिनिटं बोल, रेकॉर्ड कर आणि हेडफोन लावून पूर्ण ऐक.