अण्णांना कुणी विचारलं का?

"मॅडम, बापाला प्रयोगाला द्यायचं का?"

मी समुपदेशक, रुग्णांच्या घरच्यांशी बोलते. नव्या औषधाच्या चाचणीत बापाला घालायचं का, हा प्रश्न लातुरात बसून मी इतक्यांदा ऐकलाय की आता माणूस दारातून आत येतानाच ओळखू येतो. हातात फाइल असते आणि चेहऱ्यावर थोडा अपराधीपणा. कुणी म्हणतं, "उंदरावर करतेत तसं करणार का?" कुणी म्हणतं, "खोटी गोळी देतेत म्हणे." शब्द वेगवेगळे असले तरी क्रियापद एकच, 'द्यायचं'. जमीन बटईनं द्यावी तसं.

हे कुटुंब औसा तालुक्यातलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. अण्णा निवृत्त तलाठी, वय ७६. पहिलं दीड वर्ष "साठी बुद्धी नाठी" म्हणण्यात गेलं. पेन्शन काढायला गेलेले अण्णा बँकेतून भलत्याच गावच्या एसटीत बसले, तेव्हा कुठे डॉक्टर गाठला. निदान अल्झायमरचं, अजून सुरुवातीचं. आपल्या देशात साठीपुढच्या दर शंभरांत सातांहून जास्त माणसांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे, तरी बहुतेक घरांत तो 'म्हातारचळ' या नावानंच राहतो. नव्या औषधांच्या बऱ्याच चाचण्यांना मात्र रोगाच्या सुरुवातीचीच माणसं लागतात. आपण पोचतो तोवर दार बंद झालेलं असतं.

अण्णांचं दार उघडं होतं. डॉक्टरांनी पुण्यातल्या एका चाचणीबद्दल सांगितलं. पुण्यात नोकरीला असलेला थोरला मुलगा तयार होता, "कागद पाठवा, मी सही करतो." शेती बघणारा धाकटा पेटलेला, "दादाला काय जातंय? गावात लोक आत्ताच म्हणूलालेत, बाप इकला म्हणून!"

पहिल्या भेटीत मी पदरची सगळी माहिती ओतली. चाचणीच्या औषधाचे पैसे घेत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई, हे २०१९च्या नियमांत लिहिलेलं आहे. चाचणी सरकारच्या नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयवर, नोंदलेली हवी. तिचा क्रमांक मागा, मोबाइलवर बघता येतो. चाचणीत रुग्णाचं हित बघणाऱ्या नीतिसमितीची (एथिक्स कमिटीची) मंजुरी विचारा. संमतिपत्र मराठीत मागा आणि सही झाली की एक प्रत घरी ठेवा. मनात येईल तेव्हा बाहेर पडता येतं, त्यानं नेहमीचे उपचार थांबत नाहीत. 'खोटी गोळी' खरंच असते, काहींना नवं औषध आणि काहींना तसंच दिसणारं बिनऔषधी. पण अण्णांची चालू गोळी या चाचणीत बंद होणार नव्हती. आणि ती डोनेपेझिल, अमेरिकेत १९९६ साली मंजूर झालेली, तीसुद्धा अशाच कुणाच्या तरी बापानं आधी घेऊन बघितली होती.

धाकट्यानं सगळं ऐकून मान हलवली आणि म्हणाला, "ते खरंय. पण नकोच." भीती माहितीनं जात नाही, हे मी तरुण समुपदेशकांना शिकवते. स्वतः मात्र दर वेळी आधी माहितीच देते.

तिसऱ्या भेटीला भाऊ तेच भांडण नव्यानं भांडत होते. दाराजवळ धाकटी सून बसली होती. मांडीवर अण्णांची पिशवी, त्यात गोळ्या, टॉवेल, एक जादा धोतर. तीन भेटींत ती एक शब्द बोलली नव्हती. मी घराशी बोलणारी बाई, एकट्यादुकट्याशी नाही, याचा मला थोडा अभिमान आहे. त्या अभिमानात ही बाई मला दिसायला तिसरी भेट लागली.

"तारखेला अण्णांना पुण्याला कोण नेणार?" मी विचारलं.

दोघे भाऊ एकदम गप्प.

"मीच की. अजून कोण?" ती म्हणाली. "रात्रभराचा प्रवास, म्हैनाभरानं परत. दोन म्हशी, लेकरांची शाळा, आत्याबाईंचे गुडघे. हे दोघं सहीवरून भांडायलेत. मला कुणी इचारलंच न्हाई."

अशा चाचणीला रुग्णासोबत एक जाणता माणूस लागतो. अण्णा काय विसरले, रात्री किती वेळा उठले, चिडले का, हे दर खेपेला सांगणारा. पुण्याचा मुलगा फोनवरचा आवाज तेवढा सांगू शकला असता. मी इतकी वर्षं या घराघरांतल्या 'नको'ला अडाणीपणा समजत होते. त्यातले कितीतरी 'नको' एखाद्या बाईच्या थकव्याचे होते आणि ते दुसऱ्याच कुणाच्या तोंडून बाहेर पडत होते.

मग मी कागद अण्णांसमोर ठेवला. "अण्णा, हे तुमच्याबद्दल आहे."

त्यांनी चष्मा चाचपला. सकाळचा चहा त्यांना आठवत नव्हता. पण १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीकडं त्यांनी दिवसरात्र पंचनामे केले होते. कागद माझ्याकडं सरकवत म्हणाले, "आधी वाचून दाखवा. वाचून दाखवल्याबिगर आपण पंचाची सही घेत न्हाई."

मी थांबत थांबत वाचलं. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. मधीच नको वाटलं तर? आणि सोबत कोण येणार? शेवटी म्हणाले, "पुढच्याच्या कामाला येत आसंल तर बघू. पण सून थकली की बंद."

चहा आला. चहा संपेपर्यंत सगळं पुसलं गेलं. "हे कागद कशाचे रे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात धाकट्यानं कागद उचलला. ज्यानं तीन भेटींत त्याला हात लावला नव्हता, तो बापाशेजारी खुर्ची ओढून बोट ठेवून वाचायला लागला. अडखळत, मधेच "म्हंजे असं बघा अण्णा" म्हणत. अण्णांनी ऐकलं आणि पुन्हा तेच उत्तर दिलं. सुनेचा भाग तर जवळजवळ शब्दाला शब्द.

आठवण जाते म्हणजे मतही जातं, असं आपण धरून चालतो. कायदा मुलाची सही मान्य करतो, पण रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नसेल तेव्हा. ती वेळ आल्यावरही त्याला विचारायचं थांबवायचं नसतं. मी घरच्यांना सांगते, सकाळच्या वेळी विचारा, थोडं थोडं सांगा, दुसऱ्या दिवशी परत विचारा. मान फिरवली, गोळी थुंकली, तर तेही उत्तर धरा. आणि अण्णांच्या आधी त्यांची पिशवी सांभाळणाऱ्या बाईला विचारा.

त्या घरानं तारखा वाटून घेतल्या. एका खेपेला सून नेणार, एका खेपेला थोरला रजा काढून गावी येणार आणि स्वतः नेणार. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल झाले.

पुण्यात एमआरआय झाला. जुन्या, कधी कळलाच नव्हता अशा स्ट्रोकच्या झटक्याची खूण मेंदूत निघाली आणि अण्णा चाचणीत बसले नाहीत. असं बऱ्याच जणांचं होतं. धाकट्यानंच फोन करून सांगितलं, आवाज पडलेला.

गोल मात्र कुणी खोडले नाहीत. त्या तारखांना थोरला येत राहिला, अण्णांना लातूरच्या डॉक्टरांकडं नेत राहिला. तिसऱ्या गोलाला सून उदगीरला माहेरी गेली, चार दिवस.