मुलांना मैदानावर नेते, पण माझ्या स्वतःच्या व्यायामाला वेळच उरत नाही. काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा, नवरा-बायको दोघांची नोकरी. रोज संध्याकाळी तुम्ही पोरांना कॉलनीच्या मैदानावर नेता, तासभर बाकावर बसता आणि घरी आलं की स्वयंपाक. वॉकला कधी जायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

माझं म्हणणं, वॉकसाठी वेगळा वेळ शोधूच नका. मैदानावरचा तो तास तुमचाही आहे. फक्त बाकावरून उठून पोरांच्या खेळात शिरायचं, आणि तेही खेळाडू म्हणून. 'असं पळ, तसं पकड' सांगायला गेलात की दोन दिवसांत मुलं तुम्हाला परत बाकावर बसवतील.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींप्रमाणे पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल हवी. मोठ्यांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा 75 ते 150 मिनिटं जोराचा. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही इतपत धाप लागणं. म्हणजे मुलांच्या वाट्याच्या तासातला अर्धा तास जरी तुम्ही खरोखर खेळलात, तरी पाच दिवसांत तुमचे दीडशे भरतात.

अडचण येते ती खेळ निवडताना. सहा वर्षांचं पोर आणि पस्तिशी-चाळिशीतली आई, पळापळीत जोड जुळत नाही. मोठा माणूस मुद्दाम हरतो आणि नऊ वर्षांच्या मुलीला ते लगेच कळतं. मग खेळातली मजाच जाते. म्हणून मी सगळ्यांना लंगडी सुचवते. राज्य ज्याच्यावर त्याने एका पायावर उड्या मारत पकडायचं, बाकीच्यांनी दोन पायांवर पळायचं. मोठ्यांच्या लांब पायांचा फायदा या नियमातच संपतो. मी पूर्ण जोर लावून धरायला जाते आणि माझा मुलगा तरीही सुटतो, तेही शेवटच्या क्षणी कंबर वळवून, माझ्या हाताखालून. त्यानंतर त्याचं ते ओरडणं! ती त्याची खरी कमाई असते, आणि माझीही.

व्यायाम म्हणूनही लंगडी साधी नाही. सगळा भार एका पायावर येतो, पोटरी, मांडी आणि कमरेच्या बाजूचे स्नायू तोल सांभाळत राहतात, दोन मिनिटांत धाप लागते. पायात बूट हवेत, जमीन मातीची हवी, सिमेंटची नको. गुडघा किंचित वाकवून चवड्यावर उतरायचं. घरच्या खेळात एक नियम आम्ही जोडलाय: दर वेळी राज्य आलं की पाय बदलायचा, नाहीतर एकच पोटरी भरून येते. चौकोन चुन्याने आखा आणि लहानच ठेवा, म्हणजे डाव लवकर फिरतो.

लगोरी, दोरीवरच्या उड्या, बॅडमिंटन हेही चालेल. लगोरीला चेंडू मऊ घ्या आणि फरशीच्या तुकड्यांच्या कडा घासून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. सुरुवातीला तुम्ही दहा मिनिटांत थकाल. मुलं सलग पळत नाहीत. झपाट्याने पळतात, थांबतात, मातीत काहीतरी सापडलं की वाकून बघतात, पुन्हा पळतात. असल्या झपाट्यांनंतर ती मोठ्यांपेक्षा लवकर सावरतात. त्यामुळे एक डाव खेळा, एक डाव मैदानाला चक्कर मारा. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, ते दोन-तीन दिवसांत जातं. बीपी, शुगर, गुडघ्याचं जुनं दुखणं असेल किंवा चालताना छातीत भरून येत असेल, तर उड्यांचे खेळ डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

आता आपलं नागपूर. इथे 23 मे 2013 ला पारा 47.9 वर गेला होता, त्यामुळे उन्हाळ्यात संध्याकाळी सहाचा हट्ट नको. मैदानाची माती तेव्हाही तापलेली असते. एप्रिल-मे मध्ये खेळ सकाळी न्या, उजाडल्या उजाडल्या, आणि ऊन चढायच्या आत घरी. खेळात रंगलेलं पोर पाणी मागत नाही, थोड्या थोड्या वेळाने तुम्हीच पाजा. एखाद्या रविवारी सेमिनरी हिल्सचा चढ सगळ्यांनी मिळून चढा. लहान्याला चालायचा कंटाळा येतो, त्याला पुढच्या झाडापर्यंत शर्यत लावायला सांगा. पावसाळ्यात घरातच सूर्यनमस्कार. मुलांनी मोजायचे, तुम्ही घालायचे, मग उलट.

हिवाळा मात्र वाया घालवू नका. सकाळच्या थंडीत सिव्हिल लाइन्सच्या झाडाखालच्या रस्त्यांवर सायकल चालवायला फार छान वाटतं. फक्त संक्रांतीच्या आसपास सायकल घरीच ठेवा. नायलॉन मांजावर बंदी असूनही तो उडतो आणि गळा चिरतो. त्या दिवसांत पायी मैदानावरच जा.

तुमचे मिस्टर आठला घरी येतात असंही लिहिलंय. त्यांना रोज जमणार नाही, पण बाकीच्या रविवारची सकाळ त्यांच्यावर सोपवा आणि त्या दिवशी तुम्ही एकट्या, तुमच्या वेगाने, अंबाझरी तलावावर चालून या. तुम्हाला वॉक हवा होता ना, तोही सोडू नका.