बुरशी अन्नातली आणि अंगातली

प्रश्न : ब्रेडच्या एका स्लाइसवर हिरवा ठिपका आहे. तेवढाच काढून बाकीचा खाल्ला तर?

खाऊ नका. ठिपका दिसेपर्यंत बुरशीचे तंतू मऊ पदार्थात आतवर शिरलेले असतात. जॅम, दही, शिजवलेलं अन्न यांनाही हेच लागू. हुंगूनही पाहू नका, बीजाणू नाकात जातात. घट्ट चीज मात्र वाचवता येतं : ठिपक्याच्या भोवती आणि खाली अडीच सेंटिमीटर कापा, सुरी बुरशीला लागू देऊ नका.

प्रश्न : शेंगदाण्यांना बुरशी आली आहे. भाजल्यावर दोष जाईल ना?

बुरशी मरेल, विष उरेल. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते. ते यकृताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरतं आणि भाजल्यानं थोडं घटलं तरी पूर्ण जात नाही. बुरशी दिसली की सगळे दाणे टाका. चांगल्या दाण्यांतूनही काळपट, सुरकुतलेले निवडून काढा. कडू लागला तर थुंका.

खरा शत्रू ओल. भाजलेले दाणे कोमट असतानाच झाकण लावलं की वाफेचं पाणी होतं, म्हणून पूर्ण गार करूनच भरा. जुन्यावर नवे ओतू नका. फ्रिजमधला डबा बाहेरच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर थंड दाण्यांवर दव धरतं.

प्रश्न : योनिमार्गात वारंवार यीस्टचा संसर्ग होतो. ब्रेड आणि साखर बंद करू का?

ब्रेडचा इथे काही संबंध नाही. त्यातलं यीस्ट वेगळं आणि ते भाजतानाच मरतं. संसर्ग बहुधा कॅन्डिडा अल्बिकन्स या यीस्टचा, म्हणजे एका बुरशीचाच. ते अनेकींच्या शरीरात एरवीही निमूट राहतं. जेवणातली साखर तोडण्यापेक्षा रक्तातली तपासा. नुकतंच अँटिबायोटिक घेतलं का? मधुमेहासाठी नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेली गोळी चालू आहे का? दोन्हींनी हा त्रास वाढतो. वर्षात तीन वेळा झालं तर स्वॅबचं कल्चर (योनीतल्या स्रावाचा नमुना घेऊन त्यात काय वाढतं ते पाहणं) आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची रक्ततपासणी) करून घ्या. दरवेळी तेच मलम आणण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक खाज यीस्टची नसते. गरोदर असाल तर फ्लुकोनॅझोल ही बुरशीविरोधी गोळी स्वतःहून घेऊ नका.

प्रश्न : दम्याचा पंप घेतल्यापासून जिभेवर पांढरे चट्टे आहेत. दह्यानं जातील?

दह्यावर विसंबू नका. पंपात स्टेरॉइड असेल तर त्यानं तोंडात कॅन्डिडा वाढू शकते; स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावा, प्रत्येक वेळी चूळ भरून पाणी थुंका. चट्ट्यांसाठी डॉक्टर बुरशीविरोधी औषध देतील. पंप मात्र बंद करू नका.